कानतुटक्या मेंढ्याची घोंगडी

पूर्वी अश्मक देशातल्या पोतली नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व घोंगड्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्माला आला होता. तक्षशिलेला विद्या शिकून तो घरी परतला आणि वडिलांच्या मागे वखारी सांभाळू लागला. नगराच्या दक्षिणेला मोठा माळ होता. त्या माळावरच्या मेंढपाळांनी विणलेल्या घोंगड्या घेऊन तो दूरदेशी पाठवी. त्याच्या वखारी जाड गवती छपरांच्या होत्या आणि घोंगड्यांनी आढ्यापर्यंत भरलेल्या असत.

माळावर एक रीत होती. मेंढपाळांची बैठक भरली की प्रत्येक घर आपल्याच मेंढ्यांच्या लोकरीच्या घोंगडीवर बसे. दुसऱ्याच्या लोकरीवर बसणे चालत नसे, विकत घेतलेल्या घोंगडीवर तर मुळीच नाही. ज्याच्या दारी मेंढी नाही, तो उघड्या जमिनीवर बसे. त्यामुळे देशातला सर्वांत मोठा घोंगडी-व्यापारी असूनही बोधिसत्त्व बैठकीत मातीवर बसत असे.

"शेट, खडे टोचत न्हाईत न्हवं?" असे सिरिमा दर वेळी मुद्दाम विचारी.

"टोचतात. पण आता ओळखीचे झालेत," असे तो दर वेळी सांगे.

सिरिमा ही माळाची पुढारीण. तिचा नवरा लांडग्यांशी झुंजताना गेला, तेव्हापासून त्याची काठी तिच्या हाती आली होती. माळावर तिच्या शब्दाला मान होता आणि तिच्या जिभेची भीतीही होती.

एके वर्षी पाऊस आला नाही. दुसऱ्या वर्षीही आला नाही. माळावरची हिरवळ गेली आणि मागे नुसती कुसळी राहिली, केरसुणीच्या काड्यांसारखी वाळकी, ताठ. मेंढपाळांनी बाजरीचे जुने सरमाड, म्हणजे कणसे काढलेली ताटे, रचून ठेवले होते, तेही वाळून खडखडीत झालेले. मेंढ्या ते चघळत. पोटे भरल्यासारखी दिसत, पण पाठीवर हात ठेवला तर कणा हाताला लागे. माद्यांना दूध येईना. कोकरे कासेला ढुशा देऊन देऊन थकत आणि तिथेच बसून राहत. बसलेले कोकरू पुन्हा उठत नाही, हे माळावर सर्वांना माहीत होते.

राजसभेत दुष्काळाची चर्चा झाली. माळावर जाऊन कोणी पाहिले नाही. मेंढ्यांबद्दल काय करावे हे राजाने पिंगलाला विचारले, कारण राजाच्या कळपाची देखरेख पिंगलाकडे होती. हा पिंगल कातड्यांचा व्यापारी. राजाची मेंढी जगली तर ती राजाची, आणि मेली तर तिचे कातडे पिंगलाचे, अशी व्यवस्था होती. ज्याला मेंढी मेल्यावर लाभ, त्याच्याच हाती ती जगवण्याचे काम कोणी दिले, हा प्रश्न इतक्या वर्षांत त्या सभेतल्या एकाही शहाण्याने विचारला नव्हता.

"महाराज," पिंगल म्हणाला, "माळ मेलेला आहे. मेंढ्या मरणारच. मेंढपाळांनी त्या आत्ताच विकून टाकाव्यात, म्हणजे निदान कातडी तरी वाया जाणार नाहीत."

मग तो बोधिसत्त्वाकडे आला. सावलीत बसून ताक प्याला आणि म्हणाला, "आपण दोघे मिळून सगळा माळ घेऊ. लोकर तुझी, कातडी माझी. आत्ता ते मागू त्या किमतीला देतील."

"आणि पुढच्या वर्षी?" बोधिसत्त्वाने विचारले.

"पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू."

"पिंगला, विकून झाल्यावर ते बैठकीत कशावर बसतील?"

पिंगलाला प्रश्नच कळला नाही. "कशावर म्हणजे? जमिनीवर बसतील. तूही बसतोस की!"

"मी बसतो, कारण माझ्याकडे मेंढी कधी नव्हतीच. त्यांच्याकडे होती आणि गेली, असं मला होऊ द्यायचं नाही," बोधिसत्त्व म्हणाला. पिंगल ताकाचे भांडे तसेच ठेवून निघून गेला.

त्याच सुमारास माळाच्या कडेला एका ओसाड शेताच्या बांधाला वणवा लागला. बांधावर फड्या निवडुंगाचे जुने कुंपण होते. गवत जळून गेले, निवडुंगाचे काटे जळून गेले, पण पंज्याएवढे जाड फडे नुसते काळवंडून उभे राहिले. बोधिसत्त्व माळावर निघाला होता. त्याला सिरिमाच्या कळपातला एक मेंढा त्या कुंपणात मान खुपसून उभा दिसला. या मेंढ्याचा एक कान लांडग्याने तोडला होता आणि त्याचा हट्टीपणा माळभर प्रसिद्ध होता. तो निवडुंगाचे फडे कराकरा चावत होता आणि रस त्याच्या हनुवटीवरून गळत होता.

सिरिमा काठी उगारून धावत आली. "अरं मुडद्या, सोड ते! शेट, ओढा त्याला! निवडुंगाचा चीक पोटात गेला तर संध्याकाळ बघायचा न्हाई त्यो!"

बोधिसत्त्वाने एक फडा मोडून पाहिला. "सिरिमाबाई, चीक येतो तो दुसऱ्या निवडुंगाला. ते दांड्यासारखे उभे वाढते, मोडले की दुधासारखे गळते. याला बघ, चीक नाही. नुसते बुळबुळीत पाणी आहे."

"पाणी?" सिरिमा थांबली. दोन वर्षांत हा शब्द ऐकून माळावरचे कोणीही थांबले असते.

"हा मेंढा मला थोडे दिवस दे. नुसते निवडुंग घालून बघतो. दगावला तर दोष माझा."

"दगावला तर तुमास्नी त्याच्याच जागी वाघरात बांधीन," ती म्हणाली. वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायचे जाळ्याचे कुंपण. तरी मेंढा तिने दिला.

बोधिसत्त्वाने मेंढ्याला वखारीच्या अंगणात बांधले. फडे जाळावर धरून काटे काढले, चिरले आणि पोटभर घातले. पहिल्या दिवशी मेंढा खूश होता. पुढे त्याला हगवण लागली. अंगण पाण्यासारख्या शेणाने माखले, मेंढा गळून गेला, आणि सिरिमा अंगणात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय वो शेट? तक्षशिलेत ह्येच शिकवत्यात का?"

 बोधिसत्त्व हात जोडून म्हणाला, "चुकले माझे. घेऊन जा त्याला."

पण मेंढा जायला तयार नव्हता. त्याने दावे तोडले होते आणि मागच्या पायांवर उभा राहून तो वखारीच्या छपराचे काड ओढून ओढून खात होता. कितीतरी पावसाळे पाहिलेले ते काड, ज्यात रस म्हणून काही उरला नव्हता. सिरिमाने त्याला शेपटीला धरून ओढले. त्याने तोंडातले काड सोडले नाही.

"असू दे," बोधिसत्त्व एकदम म्हणाला. "सिरिमाबाई, असू दे. तो आपल्याला काहीतरी सांगतो आहे."

त्याने मेंढ्यापुढे काडही टाकले आणि निवडुंगही टाकले. मेंढ्याने एकदा यातले, एकदा त्यातले असे खाल्ले. त्याची हगवण थांबली. मग तो नुसते काड जेवढे खाई, त्याहून कितीतरी जास्त काड खाऊ लागला, कारण ओल्याबरोबर वाळलेले पोटात उतरत होते आणि वाळलेल्यामुळे ओले पोटात ठरत होते. दोघांपैकी एकही एकटे मेंढीला जगवू शकत नव्हते. बाभळीच्या शेंगा मूठभर वरून घातल्या, तेव्हा मेंढ्याच्या पाठीचा कणा हाताला लागेनासा झाला.

हे कळल्यावर बोधिसत्त्वाने वखारीचे दार लावून घेतले नाही. त्याने माळभर निरोप पाठवला आणि बैठकीत, मातीवर बसून, जे पाहिले ते सगळे सांगितले. स्वतःची चूक आधी सांगितली.

मग सगळा माळ कामाला लागला. पुरुष लांब बांबूंनी फडे तोडून आणीत. बायका ते जाळावर फिरवून काटे जाळीत आणि कोयत्याने चिरीत. हात सोलून निघाले, धुराने डोळे सुजले, पण कोणी रडगाणे गायले नाही. अशक्त मेंढ्यांना उभे राहवत नसे, म्हणून वाघरात खाली सरमाड आणि कुसळी दाट पसरीत. मेंढ्या बसल्या जागी खालचे चघळीत आणि वरून चिरलेले निवडुंग खात. माद्यांच्या कासेत दूध आले. बसलेली कोकरे उठली. एका म्हाताऱ्या मेंढपाळाने उठलेले कोकरू खांद्यावर घेऊन सगळ्या माळावर फिरवले, जणू काही राजपुत्र जन्मला होता.

पिंगलाच्या दाराशी माळावरून एकही मेंढी विकायला आली नाही. उलट राजाचाच कळप वाळत चालला होता आणि राजा विचारू लागला होता. माळावर जाऊन विचारावे तर कमीपणा. म्हणून पिंगलाने आपल्या एका नोकराला टोपल्या विकणारा बनवून पाठवले. नोकर दिवसभर माळावर फिरला आणि परत आला.

"निवडुंग भाजतात, चिरतात, घालतात. बाकी काही नाही."

"नीट पाहिलंस? बाकी काहीच नाही?"

"वाघरात खाली काड पसरतात. मेंढ्यांना बसायला." नोकर हसला. "त्यांच्या मेंढ्यांना गादी लागते धनी!"

पिंगलही पोट धरून हसला. "मेंढपाळांच्या मेंढ्यांना गादी! राजाच्या मेंढ्यांना माती पुरे." शिवाय राजाच्या कळपासाठी मिळालेले काड त्याने केव्हाच विटांच्या भट्ट्यांना विकून टाकले होते.

त्याने राजाच्या कळपाला नुसते निवडुंग घातले. पुढे काय झाले ते सांगायला नको. कळप हगवणीने आडवा झाला. पिंगल धावत राजाकडे गेला आणि म्हणाला, "महाराज, घोंगडीवाल्याने विषारी झाड हा चारा आहे अशी अफवा उठवली. आपला कळप त्याने मारला."

राजाने बोधिसत्त्वाला बोलावले. सिरिमा बोलावणे नसताना बरोबर गेली आणि कानतुटक्या मेंढ्यालाही घेऊन गेली. सभेत मेंढा पाहून मंत्र्यांनी उपरण्याची टोके नाकाला लावली. मेंढ्याने सभेकडे पाहिले आणि खांबाला अंग घासले.

"हाच तो मेंढा?" राजाने विचारले. "हा निवडुंगावर जगला?"

"महाराज, हा आधी निवडुंगानेच मरणार होता," बोधिसत्त्व म्हणाला. "चूक माझी होती. एकच विचारतो. आपल्या मेंढ्यांच्या पायाखाली काय पसरले होते?"

राजाने पिंगलाकडे पाहिले.

"माती," पिंगल म्हणाला. "मेंढ्यांना गाद्या घालायची माझ्याकडे रीत नाही."

सिरिमा इतक्या मोठ्याने हसली की द्वारपाल आत डोकावला. "गादी? अवो, गादी न्हवं ती! जेवाण हाय त्यांचं! अर्धं ताट तुम्ही फेकून दिलं आन् वर म्हंता, जेवणात विष हुतं!"

राजाला सगळे समजले, आणि कळपाचे काड विकल्याचे त्याने पिंगलाकडून कबूल करून घेतले. तो पिंगलाला शिक्षा सांगणार, एवढ्यात बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, शिक्षेचे नंतर बघू. मेंढ्या आत्ता पडल्या आहेत. त्यांना आजच काड हवे."

पण काड नगरात नव्हते. काड होते ते फक्त माळावर, आणि तेही पाऊस येईपर्यंत जेमतेम पुरेल एवढे. सिरिमाने काठी जमिनीवर आपटली.

"आमचं काड मिळायचं न्हाई. गेली दोन वर्सं आमची कोकरं मरत हुती, तवा ह्या सभेतलं कोण आलं हुतं? आज राजाची मेंढी पडली तवा दुष्काळ दिसला व्हय?"

 ती खरे बोलत होती. राजाने मान खाली घातली. त्याला रागावता आले असते, पण तो रागावला नाही, ही त्याची थोरवी म्हणायची.

"सिरिमाबाई बरोबर बोलली," बोधिसत्त्व म्हणाला. "तिचे काड कोणी मागू नये." एवढे बोलून तो निघाला.

तो सरळ वखारींकडे गेला, शिडी लावली आणि छपरावर चढला. मोठ्या वखारीचे काड त्याने स्वतःच्या हाताने उपसायला सुरुवात केली. मुनीम खाली उभा राहून ओरडू लागला. "शेट, आत वर्षभराचा माल आहे! उघडा पडेल! दव पडेल, चोर येतील, पाऊस आला तर संपलंच!"

"पाऊस आला तर फार चांगलं होईल," बोधिसत्त्व वरून म्हणाला आणि काडाची पेंढी खाली टाकली.

पेंढ्या गाड्यांत भरल्या जाऊ लागल्या. ही बातमी सिरिमाला वाटेतच कळली. तिने मागे वळून पाहिले. वखारीचे छप्पर अर्धे उघडे झाले होते, आणि आढ्यावर बसलेल्या माणसाच्या केसांत, भुवयांत काड अडकले होते.  

मग ती माळावर गेली आणि बैठक बोलावली.

"राजानं मागितलं, मी दिलं न्हाई," ती म्हणाली. "राजानं परत मागितलं तरी देणार न्हाई. पर शेट आपलं छप्पर उतरवतोय. शेटच्या छपराचं काड राजाच्या मेंढ्या खाणार, आन् आपल्या गंजी तशाच उभ्या ऱ्हाणार? उद्या ह्या घोंगडीवर बसताना मला तिला तोंड दाखवाय यायचं न्हाई. ज्याला द्यायचं त्यानं द्यावं. जबरदस्ती न्हाई."

एकही घर मागे राहिले नाही. संध्याकाळच्या आत माळावरच्या गाड्या आणि बायकांच्या डोक्यांवरचे भारे नगराच्या वेशीतून आत शिरले. पुढे कानतुटका मेंढा, त्याच्यामागे सिरिमा. ज्यांना नगराने कधी वर मान करून पाहिले नव्हते, ते लोक त्या दिवशी वर मान करून चालले, आणि नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. त्यांनी राजाचा कळप हाती घेतला. काड पसरले, निवडुंग मोजके घातले, ज्या मेंढीला तोंड हलवता येईना तिच्या तोंडात घास दिला. काही मेंढ्या गेल्या, पण कळप उठला.

राजाने बोधिसत्त्वाला म्हटले, "देशातली सगळी निवडुंगाची कुंपणे मी तुझ्या नावे करतो. ज्याला हवे त्याने तुझ्याकडून विकत घ्यावे."

"महाराज, हे मला मेंढ्याने शिकवले. त्याने त्याबद्दल काही मागितले नाही. मी कोणाकडून काय मागू? कुंपणे जशी आहेत तशीच, कोणाचीच नसलेली असू द्या. मला एकच द्या. जो मेंढ्या सांभाळतो, त्याला मेलेल्या मेंढीचे कातडे मिळू नये."

राजाने ते त्याच दिवशी केले. पिंगलाचे काम गेले आणि काड विकल्याची भरपाई म्हणून त्याचा स्वतःचा कळपही गेला. मग राजाने सिरिमाला धान्याचे दान देऊ केले.

"दान नगं महाराज," ती म्हणाली. "आमी आमच्या मेंढ्या भिकंवर न्हाई जगवल्या. द्यायचंच आसंल तर आमच्या बैठकीला या."

राजाने यायचे कबूल केले. मात्र बैठकीआधीच पाऊस आला. वखारीवर नवे छप्पर चढले नव्हते. घोंगड्या आढ्यापर्यंत भिजल्या, रंगीत माल एकमेकांना लागून खराब झाला आणि व्यापाऱ्याचे मोठे नुकसान झाले. मुनीम रडला. बोधिसत्त्व वखारीत उभा राहून वरच्या आभाळाकडे पाहत राहिला. माळावरून आलेल्या बायकांनी सगळ्या घोंगड्या बाहेर काढून पिळल्या, खडकांवर वाळत घातल्या आणि जेवढ्या वाचवता आल्या तेवढ्या वाचवल्या.

लोकर कातरून झाल्यावर बैठक भरली. राजा आला. त्याच्या स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी मेंढपाळांनी विणून ठेवली होती, त्यावर तो बसला. बोधिसत्त्व नेहमीच्या जागी आला आणि खाली बसू लागला.

"थांबा," सिरिमा म्हणाली. "शेट, खडे टोचतात न्हवं?"

"टोचतात. पण..."

"आज दुसरं बोलायचं." तिने काखेतली घोंगडी काढून मातीवर झटकून पसरली. करडी, काळ्या काठाची. "ही कानतुटक्याच्या लोकरीची. मेंढा कालपासनं तुमचा हाय. घरोघरी सांगून दिलाय, सगळ्यांनी ऐकलंय. आता रीत मोडत न्हाई. बसा."

बोधिसत्त्व त्या घोंगडीवर बसला. माळाने काठ्या वाजवल्या. सगळ्यांच्या मागे, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा ठिकाणी, पिंगल उघड्या जमिनीवर बसला होता. आता त्याच्याकडे एकही मेंढी नव्हती. बोधिसत्त्वाने त्याला पाहिले, एका बाजूला सरकला आणि घोंगडीवर हात ठेवून म्हणाला, "पिंगला, इकडे ये. दोघांना पुरेल."

मेंढपाळांत कुजबूज झाली. सर्वांनी सिरिमाकडे पाहिले.

"त्याची घोंगडी," सिरिमा म्हणाली. "कुणाला बसवायचं ते त्यो ठरवंल."

पिंगल उठला, खाली मान घालून आला आणि घोंगडीच्या काठावर बसला.

जेतवन विहारात हा वृत्तांत सांगून झाल्यावर शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा पिंगल म्हणजे आजचा देवदत्त. टोपल्या विकायला गेलेला त्याचा नोकर म्हणजे देवदत्ताचा साथीदार कोकालिक. भद्रसेन राजा म्हणजे आनंद. जिच्या जिभेला राजसभाही घाबरली ती सिरिमा म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी थेरी खेमा."

"आणि भंते, तो कानतुटका मेंढा?" एका भिक्षूने विचारले.

"तो सारिपुत्त. त्या जन्मी त्याला माझ्या आधी कळले," शास्ता म्हणाले, आणि सारिपुत्ताने हसून मान लववली. "घोंगड्यांचा व्यापारी मीच होतो. भिक्षूंनो, जे कळले ते मुठीत झाकून ठेवायचे नाही, आणि ज्याने आपले वाईट चिंतले त्याच्यासाठीही बसायला जागा करायची. याला दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता, म्हणतात."